भरिताच्या नावाखाली

मी बडगा बोलतोय, तालुक्याच्या पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीतून. माझ्या गळ्यात सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा आहे, त्यावर गुन्ह्याचा नंबर आणि लाखेचं सील आहे. माझ्या डोक्याच्या एका अंगाला वाळलेलं वांगं चिकटलंय, दुसऱ्या अंगाला वाळलेलं रक्त. पंचनाम्यात रक्ताची नोंद झाली, वांग्याची झाली नाही. खरी गोष्ट मात्र वांग्यापासूनच सुरू होते.

आधीच सांगून ठेवतो, मी गरीब स्वभावाचा नाही. ठोकणं हे माझं काम आणि त्यात मला कधी लाज वाटली नाही. गोडगोड आत्मवृत्त ऐकायचं असेल तर एखादी छत्री नाहीतर फुटकी पाटी शोधा, त्या छान रडतात.

मी मूळचा असोद्याच्या शिवारातला, बांधावरच्या बाभळीची जाड फांदी. निंबाभाऊंनी मला कुऱ्हाडीने तोडलं, अकरा घावांत. पहिल्या घावाला मी फार कळवळलो. अकराव्या घावापर्यंत माझं मत पक्कं झालं होतं, की या जगात एक मार खाणारे आणि एक मारणारे, आणि आपण आता दुसऱ्या बाजूला जायचं. निंबाभाऊंनी मला तासलं, हातभर लांबीचा केला, खालचं डोकं जाड ठेवलं, मूठ घासून गुळगुळीत केली आणि बायकोला म्हणाले, हा घे तुझ्या भरिताचा बडगा.

आमच्याकडे थंडी पडली की मळ्यात भरीत होतं. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात मोठाली हिरवी वांगी काळी होईपर्यंत भाजायची, साल काढून लाकडाच्या कोटंब्यात टाकायची आणि वर मी. हिरव्या मिरच्या आणि लसूणही माझ्याच खाली. पन्नास माणसांचं भरीत मी एका तासात ठेचलेलं आहे. निंबाभाऊंची बायको बेबाबाई चवीची जाणकार होती, पण जोर जितेंद्रचा. जितेंद्र म्हणजे निंबाभाऊंच्या थोरल्या भावाचा, शालिग्राम आबांचा मुलगा. तो मला धरायचा तेव्हा कोटंबं जमिनीत रुतायचं. मला सगळ्यांत आवडणारा हात त्याचाच होता, हे मला आज सांगावं लागतंय.

मग निंबाभाऊ गेले. पाटचारीच्या काठावर त्यांचा ट्रॅक्टर उलटला आणि ते खाली सापडले. ट्रॅक्टर उचलायला नऊ माणसं लागली. मी शेडमधल्या खिळ्याला टांगलेला होतो, मला सगळं ऐकू आलं. त्यानंतर आठ महिने बेबाबाई कुणाशी धड बोलली नाही. लोक येत, देवाची मर्जी म्हणत, चहा पीत आणि जात.

अशात केळी भरायला एक गाडी आली. गाडीवरचा ड्रायव्हर तोताराम, गाव सोनगीर, आवाज हा असा की चार बांध ओलांडून जाईल. घड चढेपर्यंत तो शेडच्या सावलीला बसला. बेबाबाईने पाणी दिलं. तिचं कपाळ बघून त्याने विचारलं आणि तिने दोन शब्दांत सांगितलं. देवाची मर्जी तो म्हणाला नाही. तो म्हणाला, "अक्का, मी एके माणूसले गाडीखाल मारेल शे. सोनगीरना फाटाजोडे. अन् मारीसन पळी गऊ."

कुणी अनोळखी माणूस पाण्याच्या तांब्यावर असं बोलतो का? बेबाबाई तिथेच खाली बसली. मग त्याने सगळं सांगितलं. तो दोंडाईच्याला स्टेशनाजवळ तीन दिवस दडून होता. तिथल्या चर्चच्या वॉचमनने त्याला जेवू घातलं आणि येशूची गोष्ट वाचून दाखवली. चौथ्या दिवशी हा सरळ मेलेल्या माणसाच्या दारात जाऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, तो मी. त्या लोकांनी त्याच्या तीन बरगड्या मोडल्या. मग पोलीस, मग धुळ्याचं कोर्ट, मग शिक्षा भोगून बाहेर. तेव्हापासून जिथे गाडी थांबेल तिथे तो येशूचं नाव घेतो, कुणी ऐको वा न ऐको.

ते ऐकून बेबाबाईच्या तोंडून आठ महिने अडकलेलं वाक्य निघालं. त्या सकाळी भांडण करून तिनेच नवऱ्याला मळ्यात धाडलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ती खूप रडली. मला रडणं आवडत नाही, पण त्या दिवसापासून ती पुन्हा जेवू लागली हे मी पाहिलंय.

त्या हिवाळ्यात बेबाबाई येशूची झाली. दर रविवारी दुपारी मळ्यात आठ-दहा माणसं जमू लागली. केळीचे घड डोक्यावरून वाहणाऱ्या बाया होत्या, एक हमाल होता, एक म्हातारं जोडपं होतं. तोतारामची गाडी जवळपास असली की तोही यायचा. वाचन, गाणं, प्रार्थना व्हायची.

आणि इथेच बेबाबाईने चूक केली. गावाला काय सांगायचं? थंडीत मळ्यात माणसं जमली तर आमच्याकडे कुणी एकच गोष्ट समजतो. तिने सांगून टाकलं, भरीत आहे. खोटं वाटू नये म्हणून खरंच भरीतही करू लागली. धूर दिसला पाहिजे, वास गेला पाहिजे, माझा आवाज बांधापलीकडे पोचला पाहिजे. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. मला तर बरंच वाटलं, दर रविवारी ठोकायला मिळू लागलं.

तोतारामला हे पटायचं नाही. तो म्हणे, वांग्याखाली देवाला कशाला लपवायचं? बेबाबाई म्हणायची, "भाऊ, तुम्ही गाडीत बसून निघून जाता. मले याच गावात मरायचं आहे. हळू बोला." तो हसून आणखी मोठ्याने गायचा. गाडीले हॉर्न शे तसा माले गळा शे, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

असं दोन वर्षं चाललं. मग जितेंद्रही दोन रविवार आला. त्याने वांगी ठेचली, पोटभर खाल्लं आणि प्रार्थनेआधी उठून गेला, कारण त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. पुढे गावात कुजबुज सुरू झाली, बेबाबाईच्या मळ्यात बाटवाबाटवी चालते म्हणून. जितेंद्र खवळला. काकूवर आळ घेता, असं म्हणत तो लोकांच्या अंगावर गेला. त्याची बहीण मयुरी हिची सोयरीक तेव्हा नुकती जमली होती. मुलाकडच्यांनी विचारलं तेव्हा त्याने बापाच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली की तिथे फक्त भरीत असतं, मी स्वतः ठेचलंय.

चार दिवसांनी मुलाकडच्यांच्याच मोबाइलवर एक व्हिडिओ आला. मळ्यातली शेड, डोळे मिटलेली बेबाबाई, आणि तोतारामचा तो गळा. सोयरीक शुक्रवारी मोडली. निरोपात मुलीला काही नावं ठेवली नव्हती. एवढंच होतं, की ज्या घरातला मुलगा बापाच्या गळ्याची खोटी शपथ घेतो, तिथली मुलगी आम्ही करत नाही.

रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला पाच मोटरसायकली बांधावर उभ्या राहिल्या. वांगी भाजून झाली होती, अर्धी ठेचली होती, मी कोटंब्यात उभा होतो. आत प्रार्थना चालली होती. जितेंद्रबरोबर आठ जण होते. त्यांनी आधी शेडचं दार लाथेने पाडलं. हमालाला दोघांनी धरून भिंतीवर आपटला. म्हाताऱ्याचा चष्मा काढून टाचेखाली चुरडला. एका बाईला वेणी धरून बाहेर ओढलं, ती पाय झाडत होती. बेबाबाईचं पुस्तक काड्यांच्या जाळात गेलं. कुणीतरी भाजलेल्या वांग्यांवर नाचत होता, हे मला उगाच लक्षात राहिलंय.

जितेंद्र शेडमध्ये गेला नाही. तो सरळ कोटंब्याशी आला आणि त्याने मला उचललं. त्याचा हात ओळखीचा होता. मला वाटलं, ठेचायचंय.

बेबाबाई आणि तोताराम दारात उभे होते. जितेंद्र आधी काकूकडे वळला.

"काकू, तू सांग. भरीत व्हतं का प्रार्थना?"

त्याचा आवाज फुटला होता. तो मारायला आला होता हे खरं, पण त्या क्षणी त्याला एकच गोष्ट हवी होती, आपण खोटे नव्हतो असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. बेबाबाईने माझ्याकडे पाहिलं. 

"भरीतच व्हतं रे बापा. दुसरं काही नही."

तिच्या डोळ्यांसमोर पुस्तक जळत होतं. तोतारामने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, रागाने नाही. जितेंद्रने मला तोतारामच्या छातीला टेकवलं.

"आता तू म्हण. भरीत व्हतं म्हण अन् जाय."

"भरीत बी शे," तोताराम म्हणाला. "पन आम्ही येसूसाठे उनूत. हाई मी दपाडस नही." म्हणजे, येशूसाठी आलोय आणि ते लपवणार नाही.

पहिला घाव खांद्यावर बसला. तोताराम गुडघ्यावर आला. जितेंद्र म्हणाला, म्हण. त्याने पुन्हा तेच वाक्य म्हटलं. दुसरा घाव पाठीवर, पुन्हा तेच वाक्य, आता श्वास लागलेला. तिसऱ्या वेळी जितेंद्रने मला दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं. मध्ये बेबाबाईचा हात आला. मी तो मनगटात मोडला आणि तिथून घसरून तोतारामच्या जबड्यावर पडलो.

भाजलेलं वांगं पहिल्या ठोक्याला बसतं, त्याला विरोध माहीत नाही. जबड्याचं हाड बसत नाही. ते मोडतं आणि त्याचा आवाज माझ्या सबंध अंगातून वर मुठीपर्यंत गेला. जितेंद्रच्या हातालाही तो कळला असणार, कारण त्याने मला तिथेच टाकलं आणि तो वळून पळत सुटला. मी धुळीत पडलो. तोतारामच्या तोंडातून रक्त आणि दोन दात बाहेर आले आणि तरी त्याचा ओठ हलत होता. आयुष्यभर मारणाऱ्यांच्या बाजूला असल्याचा मला अभिमान होता. तो त्या धुळीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी मला ठाण्यात आणलं, टेबलावर ठेवलं आणि माझ्या अवतीभवती माणसं बसली. हवालदार प्रेमराज लिहीत होते. तोताराम जळगावच्या दवाखान्यात होता, जबडा तारेने बांधलेला, तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती. बेबाबाईचा हात प्लास्टरमध्ये होता. समोर शालिग्राम आबा, त्यांची बायको यशोदाबाई, आणि मागे भिंतीला टेकून जितेंद्र.

जितेंद्रच्या बाजूने तक्रार आधीच आली होती. बेबाबाई जेवणाचं आमिष दाखवून लोकांचा धर्म बदलवते, असं त्यात लिहिलं होतं. पुरावा काय, तर दर रविवारचं भरीत. बेबाबाईने स्वतःच्या बचावासाठी जे पुढे केलं होतं, तेच आता तिच्या मानेवर बसलं होतं.

आबांनी मात्र तोड काढली होती. घरातली भांडणं घरात मिटवू म्हणाले. बेबाबाईने एवढंच लिहून द्यायचं की मळ्यात भरीत होतं, प्रार्थना वगैरे काही नव्हती, बांधावरून बोलाचाली झाली आणि ड्रायव्हर घसरून पडला. मग ही तक्रार मागे, ती तक्रार मागे. मयुरीचंही पुन्हा जुळेल, कारण जितेंद्रची शपथ खरी ठरेल. कागद तयार होता. अंगठा चालेल, असंही ते म्हणाले, उजवा हात प्लास्टरात आहे ना.

प्रेमराज हवालदारांनी कागद तिच्यापुढे सरकवला. त्यांनाही मिटलं तर हवंच होतं. बेबाबाईने माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. तिची पाचावर धारण बसलेली मला दिसत होती. मला वाटलं, ही आता अंगठा देणार. काल पुस्तक जळताना ती खोटं बोललीच होती, आज तर सगळं घर समोर बसलंय.

"हा कागद नको," ती म्हणाली. "दुसरा घ्या अन् लिहा. भरीत व्हतं अन् प्रार्थनाबी व्हती. प्रार्थना आधी व्हती. भरिताचं नाव मी पुढे केलं, मी भ्याली म्हणून. वांग्यासाठी मी कोणाले बोलावलं नही. येशूसाठी बोलावलं. मी येशूची आहे, दोन वर्षं झाली, लिहा."

यशोदाबाई उठल्या आणि त्यांनी तिच्या तोंडात मारली. ठाण्यात, हवालदारासमोर. माझ्या पोरीचा संसार जाळला, म्हणाल्या आणि दुसरी मारली. प्रेमराजांनी त्यांना मागे ओढलं. बेबाबाईचा ओठ फुटला होता. तिने पदराने पुसलं आणि जावेला म्हणाली की मयुरीचं जे झालं ते माझ्या लबाडीनं झालं, त्याची माफी मी तुझ्या पाया पडून मागेन. प्रार्थनेची मागणार नाही.

मग ती जितेंद्रकडे वळली.

"जितू, तू खोटी शपथ घेतली नव्हती. मी तुले खोटं सांगितलं व्हतं. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नही. पण भाऊ घसरून पडले असं मी नही सांगणार. बडगा तुझ्या हातात व्हता."

 जितेंद्रने जबाबात लिहून दिलं की गर्दी होती, कोणी मारलं ते मी पाहिलं नाही. दोन्ही गुन्हे दाखल झाले, त्याच्यावर मारहाणीचा आणि बेबाबाईवर आमिषाचा. दोघंही जामिनावर सुटले, एकाच दिवशी, एकाच दारातून, आणि एकमेकांकडे न बघता गेले.

मला या खोलीत टाकलं त्याला आता अकरा महिने होत आले. दार ठाणे अंमलदाराच्या टेबलाशेजारीच आहे, त्यामुळे बातम्या कळतात. प्रेमराज हवालदार फोनवर फार मोठ्याने बोलतात. बेबाबाईने भरीत बंद केलं. रविवारी शेडचं मोडकं दार ती मुद्दाम सताड उघडं टाकते आणि प्रार्थना करते, आणि येणाऱ्याला पाण्याशिवाय काही देत नाही. पहिल्या रविवारी कुणीच आलं नाही. ती एकटीच बसली आणि रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलली. तिच्या पत्र्यावर दगड पडले. पुढच्या रविवारी घड वाहणाऱ्या बाया आल्या, तिसऱ्या रविवारी हमाल. दगड अजून पडतात.

जामिनाची अट म्हणून जितेंद्रला दर सोमवारी इथे हजेरी लावावी लागते. मागच्या महिन्यात तो बाकावर बसला होता, शेजारी आबा, दोघेही मला उघड्या दारातून दिसत होते. तेवढ्यात पुरवणी जबाबासाठी तोताराम आला. जबडा एका बाजूला ओढला गेलाय आणि आवाज अर्धाच उरलाय. बसायला दुसरी जागा नव्हती, तो जितेंद्रच्या शेजारीच बसला.  मग जितेंद्रने खाली बघत विचारलं, "एक शब्द म्हटला असता तर मी थांबलो असतो. काहून नही म्हटला?"

तोतारामला बोलायला वेळ लागतो.

"एकदाव पळी गऊ मी," तो म्हणाला. "सोनगीरना फाटावर. तो माणूस जित्ता व्हता. पानी मांगी राहिंता."

हे त्याने बेबाबाईलाही सांगितलं नव्हतं. हे त्याने कोर्टालाही सांगितलेलं नव्हतं, असं त्याच्या तोंडाकडे बघून मला वाटलं. जितेंद्रने त्या वाकड्या जबड्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग तो उठला, टेबलापाशी गेला आणि म्हणाला, "साहेब, लिहून घ्या. बडगा माझ्या हातात व्हता."

आबांनी त्याला कॉलर धरून मागे खेचलं, कानाखाली वाजवली, वकिलाला विचारल्याशिवाय तोंड उघडू नको म्हणाले. त्याने ते वाक्य पुन्हा म्हटलं. आबांनी पुन्हा मारलं. त्याने तिसऱ्यांदा म्हटलं. मी आतून मोजत होतो, कारण असं तीनदा एकच वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं.

तो काही ख्रिस्ती झालेला नाही, आणि होईल असंही मला वाटत नाही. बेबाबाईच्या प्रार्थनेचा त्याला अजून रागच आहे. पण त्या दिवशी जाताना तो माझ्या दाराशी थांबला आणि आपला उजवा हात बघत राहिला.

आता पुढची तारीख आहे. सील तोडून मला कोर्टात नेतील, हा ओळखता का म्हणून साक्षीदारांना विचारतील, आणि निकालानंतर मला जाळून टाकतील किंवा ज्याचा त्याला परत देतील. जाळलं तर माझी तक्रार नाही, माझ्या डोक्यावर जे आहे त्याला ते शोभेल. पण परत दिलं तर मला बेबाबाईच्या मळ्यात न्या. तिला म्हणावं, पुढच्या थंडीत वांगी भाज, सगळ्या गावाला बोलाव, यशोदाबाईंना आणि मयुरीलाही बोलाव, आणि ठेचायला मला जितेंद्रच्या हातात दे. तो धरेल की नाही ते मला ठाऊक नाही. माझं डोकं मात्र तासू नका आणि डाग घासून काढू नका. जेवणाऱ्यांपैकी कुणी विचारलं की हा डाग कसला, तर भरिताचा आहे असं सांगू नका.